सेप्सिसमध्ये रक्त गाळणारं मशीन: लावण्याआधी, लावताना आणि काढताना

"रक्त साफ करायची मशीन असते म्हणते ना जी, मग लावा ना लवकर." नागपुरात धंतोली-रामदासपेठेतलं खासगी रुग्णालय असो नाहीतर मेडिकल-मेयोसारखं सरकारी, सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) पेशंटचे नातेवाईक आयसीयूच्या दाराशी हे विचारतातच. प्रश्न रास्त आहे. रक्तात विष पसरलंय तर रक्तच गाळून घ्यावं, हे कुणालाही पटावं असं आहे. डॉक्टरांनाही ते पटत आलंय, म्हणून तर जपानमध्ये १९९४ पासून त्यासाठी खास कॉलम (रक्त ज्यातून फिरवतात तो डबा) वापरात आहे. पण हे मशीन काय करतं, काय करत नाही आणि लावायचं ठरलं तर नीट कसं चालवायचं, यात बरंच अंतर पडतं. सेप्सिसच्या पेशंटवर हे चोवीस तास संथ चालणारं डायलिसिसचं मशीन चालवताना रोज जे करावं लागतं, जिथे अडतं आणि ज्यामुळे अडतं, ते इथे लिहितो आहोत.

आधी गाळण्याबद्दल. युरियाचा रेणू ६० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक), क्रिएटिनिनचा ११३ चा. नेहमीच्या फिल्टरची छिद्रं साधारण ३० ते ४० हजार डाल्टनपर्यंतचं जाऊ देतात, त्यामुळे युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम सहज निघतात. सेप्सिसमध्ये ज्या सायटोकाइन्सची (शरीरच सोडतं त्या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांची) चर्चा असते त्यांतलं आयएल-६ वीस हजारांच्या वर, आणि टीएनएफ तिघं जोडलेलं असल्यामुळे पन्नास हजारांच्या घरात. म्हणजे पहिलं कसंबसं निसटतं आणि दुसरं अडकतं. त्यातून शरीर ते सतत नव्याने तयार करत असतं. मग प्रवाहच वाढवला तर? तेही करून झालंय. सेप्टिक शॉक (सेप्सिसमुळे बीपी कोसळणं) आणि किडनीला मार बसलेल्या पेशंटमध्ये ताशी किलोमागे ७० मिली विरुद्ध ३५ मिली अशी तुलना करणारा आयव्हॉयर अभ्यास २०१३ मध्ये आला. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. आजही २० ते २५ मिली प्रत्यक्ष मिळाले की पुरे, हेच मानलं जातं.

गाळून जमत नाही तर चिकटवून घ्यावं, या विचारातून कार्ट्रिज आली. पॉलिमिक्झिन बी (एक अँटिबायोटिक) लावलेला कॉलम एंडोटॉक्सिन (काही जंतूंच्या आवरणातलं विष) धरतो, तो साधारण दोन तास चालवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. सायटोसॉर्बमध्ये ३०० मिलीच्या डब्यात पॉलिमरचे बारीक मणी असतात. ते साधारण ५५-६० हजार डाल्टनपर्यंतचे रेणू धरतात, एंडोटॉक्सिन मात्र धरत नाहीत. ऑक्सिरिस हा फिल्टरच असा बनवलाय की किडनीचं कामही होतं आणि थोडं एंडोटॉक्सिन, थोडी सायटोकाइन्सही चिकटतात. २००९ मध्ये पॉलिमिक्झिन कॉलमच्या ६४ पेशंटच्या अभ्यासाने आशा वाढवली. नंतर २०१८ मध्ये युफ्रेटिस अभ्यासात ४५० पेशंट घेतले, तेव्हा २८ दिवसांच्या मृत्युदरात फरक दिसला नाही. एक आकडा तर कार्ट्रिज मागवण्याआधी प्रत्येकाने आठवावा. कोविडमध्ये एक्मोवर (रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या मशीनवर) असलेल्या ३४ पेशंटच्या जर्मन अभ्यासात सायटोकाइन शोषणारी कार्ट्रिज लावलेल्या १७ पैकी ३ जण ३० दिवसांनी जिवंत होते, न लावलेल्या १७ पैकी १३. अभ्यास लहान होता आणि पेशंट वेगळ्या प्रकारचे होते, पण "लावून बघू, तोटा तर नाही" हे वाक्य त्यानंतर तोंडातून काढवत नाही. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात पॉलिमिक्झिन कॉलम वापरू नये असं सुचवलंय, आणि बाकी कार्ट्रिजबद्दल बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याइतका पुरावा नाही असं म्हटलंय.

आमचं मत स्पष्ट आहे. सेप्सिसमध्ये मशीन किडनीसाठी लावायचं. त्याने वेळ मिळतो. सेप्सिस बरा होतो तो योग्य अँटिबायोटिकने आणि पू जिथे साचलाय तिथून तो काढल्याने.

म्हणून मशीनचा विषय निघाला की आधी फाईल उलटी वाचायची. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, बालाघाटकडून येणारा पेशंट तीन-चार तास अँब्युलन्समध्ये असतो. रेफर चिठ्ठीवर अँटिबायोटिकचं नाव असतं, वेळ नसते. पहिला डोस खरंच गेला का, किती वाजता, हे फोन करून विचारावं लागतं. शॉकमध्ये पहिला डोस एका तासात जायला हवा. कल्चर घेतलं का? पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलीच्या हिशेबाने सलाईन मिळालं का? सोनोग्राफीत किडनी फुगलेली आहे का? मधुमेही पेशंटच्या खड्याने अडलेल्या किडनीत पू असेल, तर डीजे स्टेंट (लघवीच्या वाटेत आतून घातलेली नळी) किंवा नेफ्रोस्टॉमी (पाठीतून किडनीत घातलेली नळी) झाल्यावर नॉरॲड्रीनलिन (बीपी टिकवणारं औषध) काही तासांत उतरायला लागतं. ते काम कोणत्याही कार्ट्रिजला जमत नाही. आतडं फुटलेलं असेल तर शस्त्रक्रिया, पायात गॅस असेल तर पाय उघडणं, आणि हे सगळं मशीनच्या आधी.

विदर्भात आणखी एक गोष्ट. पावसाळा सरता सरता ताप, कमी प्लेटलेट, वाढलेलं लिव्हर, किडनीला मार आणि फुफ्फुसात पाणी असा पेशंट आला, तर काखेत, जांघेत, स्तनाखाली, पोटाच्या घडीत काळी खपली शोधायची. ती स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची खूण. स्क्रब टायफसवर मेरोपेनेमसारखं जबर अँटिबायोटिकही काम करत नाही, डॉक्सीसायक्लीन लागतं. खपली सापडली नाही तरी शंका असेल तर ते सुरू करायचं. उलट मे महिन्यात बेशुद्ध होऊन, १०६ ताप घेऊन आलेला मजूर प्रत्येक वेळी सेप्सिसचाच नसतो. उष्माघातातही किडनी, लिव्हर आणि रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते, आणि तिथे पहिला उपचार म्हणजे ताबडतोब थंड करणं.

आता मशीन कधी. औषधाने न उतरणारं ६.५ च्या वरचं पोटॅशियम, ७.१५ च्या खालचा पीएच, लघवी होत नसताना फुफ्फुसात भरलेलं पाणी: यांपैकी काही असेल तर थांबायचं नाही. यांतलं काहीच नाही आणि फक्त क्रिएटिनिन ४ झालंय, तर थांबता येतं. २०१८ च्या आयडियल-आयसीयू अभ्यासात सेप्टिक शॉकमध्ये लवकर आणि थांबून अशी तुलना केली. जगण्यात फरक नव्हता, आणि थांबलेल्या गटातल्या ३८ टक्के पेशंटना मशीन लागलंच नाही. २०२० च्या स्टार्ट-एकेआय अभ्यासात तर लवकर मशीन लावलेल्यांपैकी जे वाचले, त्यांच्यात ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर राहण्याचं प्रमाण जास्त निघालं. पण अनंत काळ थांबायचं असंही नाही. परदेशी पेपरमध्ये बीयूएन (युरियातला नायट्रोजन) ११२ ही मर्यादा दिसते. आपल्याकडची लॅब युरिया देते, तेव्हा २.१४ ने गुणायचं: युरिया साधारण २४०. त्याच्याही पुढे ढकलण्यात फायदा दिसलेला नाही.

ठरलं की सगळ्यात मोठं काम म्हणजे कॅथेटर, शिरेत घालायची जाड दुहेरी नळी. फिल्टर बंद पडला की लोक हेपरिनला (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाला) दोष देतात, पण मूळ दुखणं बहुतेकदा कॅथेटरचं असतं. पहिली पसंती उजव्या बाजूची मानेतली शीर, मग मांडीतली, मग डावी मान, आणि सबक्लेव्हियन (गळपट्टीच्या हाडाखालची शीर) सगळ्यात शेवटी. जाडी ११.५ ते १३.५ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप). लांबी उजव्या मानेत १५ सेंटिमीटर, डाव्या मानेत २०, मांडीत २४ च्या आसपास. मांडीत आखूड कॅथेटर टाकलं तर टोक ओटीपोटातल्या इलियाक शिरेतच राहतं, रक्त पुरेसं येत नाही आणि गाळलेलंच रक्त पुन्हा ओढलं जातं. सोनोग्राफीखालीच टाकायचं. डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) घालण्याआधी गाईडवायर (कॅथेटरला वाट दाखवणारी तार) शिरेतच आहे हे प्रोबने बघायचं, कारण एवढा जाड डायलेटर धमनीत गेला तर नुसतं दाबून भागत नाही.

टाकून झालं की टाके घालण्याआधी एक परीक्षा. रिकामी २० मिलीची सिरिंज एका लुमेनला (कॅथेटरच्या दोन वाटांपैकी एकीला) लावून ओढायची. सहा सेकंदांत, कुठेही न अडखळता भरली पाहिजे. म्हणजे मिनिटाला २०० मिली रक्त येऊ शकतं. मध्येच दट्ट्या मागे खेचला जात असेल, रक्त थांबून थांबून येत असेल, तर टोक शिरेच्या भिंतीला लागलंय. कॅथेटर थोडं फिरवून, सेंटिमीटरभर मागे घेऊन पुन्हा बघायचं. दोन्ही लुमेन तपासायचे. इथली दोन मिनिटं वाचवली तर रात्रभर अलार्म बंद करत बसावं लागतं, आणि ते काम सिस्टरच्या वाट्याला येतं.

किट चढवून प्रायमिंग करायचं, म्हणजे सलाईनने भरून हवा काढायची. साधारण एक लिटर सलाईन, चालत असेल तर त्यात ५००० युनिट हेपरिन. कार्ट्रिज जोडली असेल तर जास्त सलाईन लागतं. फिल्टर उभा धरून हलक्या हाताने थोपटत हवा वर काढायची. आत राहिलेला बुडबुडा म्हणजे तेवढ्या तंतूंमध्ये रक्त फिरणार नाही, आणि गुठळी तिथूनच सुरू होते.

आता हिशेब. पेशंट ६० किलोचा धरू. किलोमागे २५ मिली म्हणजे ताशी १५०० मिली. दिवसाचे ३६ लिटर, पाच लिटरच्या सात पिशव्या आणि थोडं वर. स्टॉकमध्ये तेवढ्या आहेत का हे सुरू करण्याआधी बघायचं, रात्री दोन वाजता नाही. अर्धं डायलिसेट (फिल्टरच्या तंतूंबाहेरून वाहणारा द्रव) म्हणून ७५०, आणि रिप्लेसमेंटचे (रक्तात मिसळायच्या द्रवाचे) ७५०: त्यातले ५०० फिल्टरच्या आधी, २५० नंतर. रक्ताचा वेग मिनिटाला १५०. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) ३० असेल तर प्लाझ्मा (पेशी वगळून उरलेला द्रव) मिनिटाला १०५ मिली, म्हणजे ताशी ६३०० मिली. पेशंटमधून ताशी १०० मिली काढायचे असतील तर फिल्टरमधून ७५० अधिक १०० म्हणजे ८५० मिली पिळून निघणार. ८५० भागिले ६८०० (प्लाझ्माचे ६३०० आणि फिल्टरच्या आधी मिसळलेले ५००), म्हणजे साडेबारा टक्के. याला फिल्ट्रेशन फ्रॅक्शन म्हणतात, आणि तो २० ते २५ टक्क्यांच्या खाली हवा.

आता कोणी सगळेच्या सगळे १५०० मिली फिल्टरच्या नंतर लावले तर? १६०० भागिले ६३००, पंचवीसच्या वर. त्यातून हिमॅटोक्रिट ४० असेल तर प्लाझ्मा ५४०० वर येतो आणि आकडा तिशीला टेकतो. फिल्टरच्या शेवटच्या टोकाला रक्त इतकं घट्ट होतं की काही तासांत तो बसतो. "किट खराब निघाला" असं म्हणण्याआधी हा भागाकार कागदावर करून बघावा.

रिप्लेसमेंटच्या पिशवीत पोटॅशियम आहे की नाही हे लेबलवर वाचायचं. नसेल आणि पेशंटचं पोटॅशियम ४ वर आलं असेल, तर पिशवीत लिटरमागे ४ मिलिमोल करावं लागतं. आपल्याकडच्या केसीएलच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं, म्हणजे पाच लिटरच्या पिशवीला एक अँप्यूल. टाकून पिशवी चांगली हलवायची आणि वर मार्करने लिहायचं. दोघांनी तपासल्याशिवाय हे करायचं नाही.

जोडण्याची पहिली दहा मिनिटं सगळ्यात नाजूक. सर्किटमध्ये साधारण १५० ते २०० मिली रक्त बाहेर येतं, आणि आधीच नॉरॲड्रीनलिनवर असलेल्या पेशंटला तेवढं पुरतं. नॉरॲड्रीनलिनची पुढची सिरिंज भरून तयार ठेवायची. संपत आलेली सिरिंज पंपावर असताना मशीन जोडायचं नाही. रक्ताचा वेग ५०-१०० पासून हळूहळू वाढवायचा. पहिला तास-दोन तास पाणी काढायचं नाही, काढणं शून्य ठेवायचं. बीपी सरासरी ६५ च्या वर राहतंय असं दिसलं की मग ताशी ५०, ७५, १०० असं वाढवायचं. ताशी किलोमागे १.७५ मिलीच्या वर काढलेल्या पेशंटमध्ये मृत्यू जास्त दिसलेत, त्यामुळे साठ किलोच्या पेशंटला ताशी १०० हीच आमची कमाल. चार दिवसांत साचलेलं पाणी एका रात्रीत काढायला गेलं की शॉक परत येतो.

गोठू नये म्हणून काय? स्क्रब टायफस, डेंग्यू किंवा डीआयसीमध्ये (रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते तेव्हा) प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली असतील तर काहीच नको, वेग १८०-२०० ठेवून चालवायचं. हेपरिन चालत असेल तर ताशी किलोमागे ५ ते १० युनिट, आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) दीडपटीच्या आसपास. सायट्रेट (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं) सगळ्यात चांगलं चालतं. २०२० च्या जर्मन अभ्यासात फिल्टरचं आयुष्य सायट्रेटवर ४७ तास आणि हेपरिनवर २६ तास होतं, मात्र सायट्रेटच्या गटात नवीन संसर्ग जास्त दिसले. एसीडी-ए (सायट्रेटचं तयार द्रावण) वापरत असू तर मिनिटाचा रक्तवेग दीडने गुणायचा, तो ताशी मिलीमधला सायट्रेटचा वेग. १२० ला १८०. फिल्टरनंतरचं आयनाइज्ड (मोकळं) कॅल्शियम ०.२५ ते ०.३५, पेशंटचं १.० ते १.२, आणि ते राखण्यासाठी कॅल्शियम वेगळ्या सेंट्रल लाइनमधून. लिव्हर बिघडलेलं असेल किंवा लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन पुरत नसल्याची खूण) चढतंच असेल तर सायट्रेट मोडत नाही, साचतं. एकूण कॅल्शियम भागिले आयनाइज्ड हे गुणोत्तर २.५ च्या वर गेलं की साचतंय असं समजून बंद करायचं. रात्री-अपरात्री आयनाइज्ड कॅल्शियम देणारं एबीजी (रक्तातले वायू तपासणारं) मशीन हाताशी नसेल, तर सायट्रेटच्या वाटेला जाऊच नये.

अलार्म वाचायला शिकणं हेच खरं कौशल्य. ॲक्सेस प्रेशर (रक्त ओढतानाचा दाब) उणे ५० ते उणे १५० मध्ये असावं. ते अचानक उणे २०० च्या पलीकडे गेलं तर आधी पेशंटकडे बघायचं: कूस बदलली का, मान वळली का, मांडी दुमडली का, खोकला आला का, सक्शन चालू आहे का. मग रक्तच कमी पडतंय का हे बघायचं. रिटर्न प्रेशर चढलं तर परतीच्या वाटेवर अडथळा, बहुतेकदा रिटर्न चेंबरमधली गुठळी. चेंबरवर टॉर्च मारून बघायचं, गुठळी असेल तर रक्ताच्या पातळीला गडद, चिकट कडं दिसतं. दोन्ही ठीक आणि फिल्टरच्या आधीचं प्रेशर व टीएमपी (फिल्टरच्या पडद्याच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक) तासातासाला चढतंय, तर फिल्टर भरत आलाय. फिल्टरच्या पारदर्शक भिंतीतून काळपट उभे पट्टे दिसायला लागले की टीएमपी २५० ला जाण्याची वाट न बघता रक्त परत द्यायचं आणि किट बदलायचा. रक्त परत न देता दोन किट गेले, तर जवळपास एक पिशवी रक्त गेलं. हिमोग्लोबिन ७ असलेल्या माणसाला ते परवडत नाही. आणि एक लक्षात ठेवावं: अलार्म वाजला की पंप थांबतो, थांबलेलं रक्त गोठतं. गुठळीचं कारण पुष्कळदा तीन मिनिटं कुणी न बघितलेला अलार्म असतो. लाइट गेली आणि बॅटरीही संपली तर ब्लड पंप हाताने फिरवून रक्त परत देता येतं. ते हँडल कुठे आहे हे प्रत्येक शिफ्टला माहीत हवं.

मशीन चालू असताना काही खुणा पुसल्या जातात. रक्त बाहेर फिरून थंड होतं. बाहेर नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असताना आत पेशंट ३५ वर येतो. त्यामुळे ताप नाही म्हणजे संसर्ग आटोक्यात, असा अर्थ काढायचा नाही. वॉर्मर लावायचा आणि नॉरॲड्रीनलिनचा कल बघायचा. प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) थोडंफार फिल्टरमधूनही जातं, त्यामुळे मशीन लावल्याच्या दुसऱ्या दिवशी ते उतरलं म्हणून आनंद मानू नये. लॅक्टेट मात्र मशीनने नगण्यच निघतं. ते उतरलं तर पेशंट खरंच सुधारतोय. फॉस्फरस रोज बघायचा. तो १ च्या खाली गेला की श्वासाचे स्नायू दमतात, व्हेंटिलेटर सुटत नाही, आणि कारण सगळीकडे शोधलं जातं, फॉस्फरस सोडून.

अँटिबायोटिकचा डोस हा आम्हाला सगळ्यात कळकळीने सांगावासा वाटणारा भाग. क्रिएटिनिन ५ दिसलं की हात आपोआप अर्ध्या डोसकडे जातो. मशीनवर हे उलटं आहे. पहिले ४८ तास मेरोपेनेम १ ग्रॅम आठ तासांनी, पूर्ण. कोलिस्टिन मशीनमधून भरपूर निघतं, त्यामुळे किडनीचा डोस दिला तर पुरत नाही. पॉलिमिक्झिन बीच्या इंजेक्शनमध्ये बदल लागत नाही. शोषणारी कार्ट्रिज असेल तर लिनेझोलिड आणि फ्लुकोनाझोल पहिल्या काही तासांतच चिकटून जातात, म्हणून डोसची आणि कार्ट्रिजची वेळ जुळवावी लागते. सेप्सिससाठी म्हणून कार्ट्रिज लावायची आणि तिनेच सेप्सिसचं औषध खाऊन टाकायचं, असं व्हायला नको.

चोवीस तास चालणारं मशीन नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. साध्या डायलिसिस मशीनवर स्लेड (संथ, लांबवलेलं डायलिसिस) करता येतं: सहा ते बारा तास, रक्त मिनिटाला १०० ते २००, डायलिसेट १०० ते ३००, पाणी काढणं संथ. आयसीयूत आरओच्या पाण्याचा पॉइंट किंवा पोर्टेबल आरओ लागतो. खर्च बराच कमी, आणि चोवीस तासांच्या पद्धतीने जास्त जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. मेंदूला सूज असेल किंवा लिव्हर पूर्ण बसलं असेल, तेव्हा मात्र चोवीस तासांचंच हवं. घरच्यांशी बोलताना हे सांगितलंच पाहिजे. "काका, हे मशीन किडनीचं काम करेल, जंतू मारणार नाही. ते काम औषधाचं," इतकं सोपं सांगितलं तर लोक समजून घेतात. किट किती तास चालेल, मध्येच बंद पडला तर दुसऱ्याचा खर्च किती, हे कागदावर द्यावं. जन आरोग्य योजनेत भरती असेल तर पॅकेजमध्ये काय बसतं हे आरोग्यमित्राला आधी विचारावं. शेती गहाण टाकून कार्ट्रिज आणायला निघालेल्या मुलाला पुरावा काय आहे ते खरं सांगणं हे डॉक्टरचं काम आहे.

थांबवायचं कधी? औषधाशिवाय दिवसाला ४०० मिलीच्या वर लघवी यायला लागली की किट संपल्यावर नवीन चढवायचा नाही, एक दिवस बघायचं. फिल्टर तसाही ७२ तासांच्या पुढे चालवायचा नसतो, तेव्हा हा विचार आपोआप त्या वेळी करता येतो. क्रिएटिनिन थोडं चढेल, त्याने घाबरायचं नाही. पोटॅशियम, पीएच आणि पाण्याचा हिशेब बघायचा. दोन दिवस निभावले तर कॅथेटर काढायचं. मानेतलं असेल तर पेशंट सपाट झोपवून, डोकं थोडं खाली, श्वास सोडताना काढायचं, दहा मिनिटं दाबायचं आणि हवाबंद ड्रेसिंग लावायचं, नाहीतर एवढ्या मोठ्या छिद्रातून हवा आत ओढली जाते. मशीन बंद झालं त्याच राउंडला अँटिबायोटिकचे डोस पुन्हा काढायचे, कारण कालपर्यंत पूर्ण लागणारं मेरोपेनेम आता साचून फिट्स आणू शकतं. रिप्लेसमेंटमधून मिळणारं बायकार्बोनेटही बंद झालेलं असतं, म्हणून सहा तासांनी एक एबीजी करायचा.